एक जहाज, दोन सामोआ

१९१८ च्या ज्या साथीला महाराष्ट्रात मानमोडी म्हणत, तिच्यापासून प्रशांत महासागरातली दूरदूरची बेटंही सुटली नाहीत. त्यातल्या सामोआची हकीकत मुद्दाम सांगावी अशी आहे. एकच भाषा बोलणारी, एकमेकांत सोयरिकी असलेली माणसं दोन राजवटींत विभागलेली होती. एका बाजूला गावंच्या गावं ओस पडली, तर दुसऱ्या बाजूला या तापाने एकही माणूस दगावला नाही.

ही विभागणी १८९९ सालची. उपोलू आणि सावाई ही पश्चिमेची मोठी बेटं जर्मनीकडे गेली, पूर्वेचं तुतुइला अमेरिकेकडे. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटताच न्यूझीलंडच्या फौजेने जर्मन सामोआ ताब्यात घेतला आणि कर्नल रॉबर्ट लोगन तिथला लष्करी प्रशासक झाला. अमेरिकन बाजूला १९१५ पासून नौदलाचा अधिकारी जॉन मार्टिन पोयर गव्हर्नर होता. लोगनचं आपिया आणि पोयरचं पागो पागो यांच्यात अंतर जेमतेम १३० किलोमीटरचं.

‘तालुने’ ही आगबोट ३० ऑक्टोबर १९१८ रोजी ऑकलंडहून निघाली. ऑकलंडमध्ये तेव्हा इन्फ्लुएन्झाने थैमान घातलं होतं, तरीही जहाजाला निरोगी असल्याचा दाखला मिळाला. वाटेत फिजीतल्या सुवा बंदरात जहाजावर निर्बंध लादले गेले. ७ नोव्हेंबरला ते आपियाला लागलं. जहाजावर आजारी माणसं होती. बंदरावरच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने प्रवाशांना उतरू दिलं, आणि ती माणसं आपापल्या गावी पांगली.

पुढचे काही आठवडे भयंकर होते. घरातली सगळीच माणसं एकदम आडवी झाली, की पाणी आणायला आणि चूल पेटवायलाही कोणी उरत नसे. शेतातलं तारो शेतातच राहिलं. त्यामुळे कित्येकजण तापातून वाचले, पण उपासमारीने खचले. आपियात चटयांत गुंडाळलेली प्रेतं गाड्यांत घालून नेत आणि मोठ्या खड्ड्यांत एकत्र पुरत. सुमारे ३८ हजार लोकवस्तीतली साडेआठ हजार माणसं गेली, म्हणजे दर पाचांत एकाहून जास्त. मृत्यूचं प्रमाण कर्त्या पुरुषांत सर्वांत जास्त होतं. गावचे प्रमुख, धर्मोपदेशक, वंशावळ्या तोंडपाठ असलेले वडीलधारे असे एका फटक्यात नाहीसे झाले. घराण्यांची आणि जमिनींची सारी आठवण तोंडीच जपणाऱ्या समाजाची ही हानी आकड्यांत मावणारी नाही.

पोयरने मात्र बिनतारी संदेशांतून साथीची बातमी कळताच बंदर बंद केलं. येणाऱ्या जहाजांवरच्या माणसांना वेगळं ठेवलं जाऊ लागलं. खरा धोका होता तो रात्रीअपरात्री उपोलूहून सोयऱ्याधायऱ्यांकडे येणाऱ्या छोट्या होड्यांचा. अख्ख्या किनाऱ्यावर पहारा ठेवायला नौदलाचे मूठभर शिपाई पुरणार नव्हते. म्हणून त्याने गावोगावच्या प्रमुखांना विश्वासात घेतलं, आणि सामोअन लोकांनीच आपल्या किनाऱ्यावर गस्त घातली. नातलगांची होडी परत पाठवायची तर मन घट्ट करावं लागतं. तुतुइलाच्या लोकांनी ते केलं. बेट वाचवण्याचं श्रेय पोयरइतकंच त्यांचंही आहे, पण नौदलाचा मानाचा ‘नेव्ही क्रॉस’ मिळाला तो एकट्या पोयरला.

पोयरचा प्रदेश लहान होता, लोकवस्ती आठ हजारांच्या आसपास होती आणि जहाजं मुख्यतः एकाच बंदरात येत, हे खरं. एवढ्याने लोगनची सुटका होत नाही. ‘तालुने’ला येऊ देणं ही यंत्रणेची चूक म्हणता येईल, त्यानंतर जे घडलं ते त्याच्या अहंकाराचं फळ होतं. पोयरने आपियातल्या अमेरिकन कॉन्सलमार्फत मदत देऊ केली. लोगनने ती घेतली नाही. उलट आपियाहून गेलेल्या टपालाच्या बोटीला पागो पागोत अटकाव झाल्याच्या रागातून त्याने तिकडचा बिनतारी संपर्कच तोडून टाकला. लोक पटापट मरत असताना प्रशासक मानापमानाचा हिशेब करत बसला होता. ऑस्ट्रेलियाची ‘एन्काउंटर’ ही युद्धनौका डॉक्टर आणि औषधं घेऊन ३ डिसेंबरला आपियाला पोचली, तोवर फार उशीर झाला होता.

जानेवारी १९१९ मध्ये लोगन न्यूझीलंडला गेला तो गेलाच. त्याच वर्षी नेमलेल्या चौकशी आयोगाने प्रशासनावर हलगर्जीपणाचा ठपका ठेवला. आपलं राज्य अमेरिकेकडे सोपवा, अशी मागणीही सामोअन नेत्यांनी करून पाहिली. पुढे ‘माऊ’ ही स्वातंत्र्यचळवळ उभी राहिली. तिचे एक पुढारी ओलाफ नेल्सन यांची आई आणि एकुलता एक मुलगा या साथीतच गेले होते. १९६२ मध्ये पश्चिम सामोआ स्वतंत्र झाला. जून २००२ मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी आपियात येऊन या साऱ्याबद्दल माफी मागितली.

त्यानंतरही सामोआला साथीचा घाव बसला. २०१८ मध्ये लस तयार करताना परिचारिकांच्या हातून चुकीचं औषध मिसळलं गेलं आणि दोन बाळं दगावली. लसीकरण थांबलं, लोकांचा विश्वास उडाला, आणि २०१९ च्या अखेरीस गोवराने ८३ बळी घेतले. त्यात बहुतेक कोवळी मुलं होती. डिसेंबरमध्ये सरकारने दोन दिवस सगळे व्यवहार बंद ठेवले. ज्या घरात लस न घेतलेलं कोणी असेल त्या घरापुढे लाल कापड बांधायचं, आणि आरोग्यपथकांनी ते पाहून दारात जायचं, असा हुकूम निघाला.

मार्च २०२० मध्ये कोरोना दाराशी आला तेव्हा सामोआने वाट पाहिली नाही. सीमा बंद केल्या आणि बाहेरून परतणाऱ्या आपल्याच नागरिकांनाही सक्तीने वेगळं ठेवलं. गावोगावी प्रसार सुरू झाला तो थेट मार्च २०२२ मध्ये, आणि तोवर तिथल्या बहुतेक प्रौढांनी लस घेतलेली होती.