खसखशीचे फूल आणि वीरगळ

पहिल्या महायुद्धातील मृतांच्या स्मरणार्थ खसखशीच्या कुळातील तांबडे फूल छातीवर लावण्याचा प्रघात ब्रिटनमध्ये १९२१ पासून रूढ झाला. युद्धात मेलेल्या जनावरांसाठी जांभळे फूल २००६ मध्ये आले. पाचगणी ज्या सातारा जिल्ह्यात आहे, त्यातील अपशिंगे गावचे ४६ सैनिक त्याच युद्धात कामी आले. त्यांचे स्मारक मात्र शिळेचे आहे. मराठीत खसखस स्वयंपाकघरातली, अफू व्यसनातली. स्मरणाचा अर्थ या शब्दांना चिकटला नाही. तो कन्नड ‘वीरगल्लु’वरून आलेल्या ‘वीरगळ’ या शब्दाने पूर्वीच धारण केला होता. गोधन सोडविताना पडलेल्या वीराच्या शिळेवर गाईही कोरलेल्या आढळतात. परंतु बहुतेक वीरगळांवर नाव नसते. गावाची आठवण पुसली की शिळेवर शेंदूर चढतो, वीराचा देव होतो आणि मरण कोणाचे हे कळेनासे होते.