किती आवळावे? स्पार्क प्लग, टॉर्क रेंच आणि हाताच्या अंदाजाचा इतिहास

१/१७
पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग बदलणे हे सरावलेल्या मिस्त्रीचे अर्ध्या तासाचे काम. जुना प्लग काढायचा, नवा बोटांनी फिरवत बसवायचा आणि शेवटी प्लग पान्याने आवळायचा. सारी मेख या शेवटच्या आवळण्यात आहे. कमी आवळला तर प्लग अतोनात तापतो. जास्त आवळला तर सिलिंडर हेडचे आटे जातात आणि एका स्वस्त प्लगपायी मोठा खर्च उभा राहतो. ‘किती आवळावे’ या प्रश्नाचे उत्तर आधी हातात होते, पुढे ते आकड्यात गेले. त्या स्थित्यंतराचा हा इतिहास.

२/१७
प्रथम प्लगची रचना पाहू. बाहेर पोलादी कवच, आत विद्युतरोधक सिरॅमिकची नळी आणि तिच्या मधोमध धातूचा विद्युतअग्र. टोकाशी सुमारे एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी फट. हजारो व्होल्टचा दाब या फटीतून ठिणगी उडवतो. चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक प्लगमध्ये सेकंदाला २५ ठिणग्या उडतात. अत्यंत ठिसूळ वस्तू अत्यंत कठोर जागी बसवण्याचा हा खटाटोप आहे.

३/१७
१८६० मध्ये पॅरिसमध्ये एटिएन लेन्वार या बेल्जियममध्ये जन्मलेल्या संशोधकाने वायूवर चालणाऱ्या इंजिनाचे पेटंट घेतले. त्यातील कोळशाचा वायू पेटवण्यासाठी त्याने विजेची ठिणगी वापरली. बॅटरी, रुम्कॉर्फ कॉइल आणि चिनीमातीने वेढलेली तार: आजच्या प्लगचा मूळ आराखडा तिथेच दिसतो. मात्र हे इंजिन जागेवर उभे राहून संथ गतीने चालणारे होते. धावत्या वाहनावर, धक्के आणि धूळ सोसत ठिणगी पाडणे ही निराळीच परीक्षा होती.

४/१७
म्हणूनच पुढची काही दशके अनेकांनी विजेला बगल दिली. निकोलाउस ओटोचे १८७६ चे चार-स्ट्रोक इंजिन ज्योतीने पेट घेई. गॉटलीब डाइम्लर आणि विल्हेल्म मायबाख यांनी तापलेल्या नळीचा मार्ग स्वीकारला: बर्नरवर लाल केलेली नळी सिलिंडरमधील मिश्रण पेटवी. पेट्रोलच्या शेजारी उघडी ज्योत घेऊन प्रवास करण्याचा हा प्रकार होता. कार्ल बेन्झ यांनी मात्र १८८६ च्या आपल्या तीनचाकीसाठी बॅटरी आणि कॉइलच निवडली. प्रज्वलन ही मोटारीपुढची सर्वांत अवघड समस्या आहे, असे त्यांचे मत होते.

५/१७
ऑगस्ट १८८८ मध्ये त्याचा प्रत्यय आला. बेर्टा बेन्झ पतीला न सांगता, दोन मुलांना घेऊन त्या तीनचाकीतून मानहाइमहून फोर्ट्सहाइमला निघाल्या. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. प्रज्वलनाच्या तारेचे आवरण झिजले, तेव्हा मोजे बांधण्याचा पट्टा गुंडाळून त्यांनी काम भागवले. मोटारीच्या पहिल्या लांब प्रवासातली ही दुरुस्ती पूर्णतः हाताच्या हुशारीवर झाली. मोजमाप अजून फार दूर होते.

६/१७
१८८६ मध्येच रॉबर्ट बॉश यांनी श्टुटगार्टमध्ये छोटी कार्यशाळा उघडली. पुढच्याच वर्षी त्यांनी उभ्या इंजिनासाठी मॅग्नेटो बनवला. मॅग्नेटो म्हणजे बॅटरीवाचून, इंजिनाच्याच फिरण्यातून वीज देणारे यंत्र. १८९७ मध्ये तो द दियाँ-बुताँच्या तीनचाकीवर बसवण्यात यश आले. परंतु त्याचा विद्युतदाब कमी होता. ठिणगी पाडण्यासाठी सिलिंडरच्या आत संपर्क जोडणारे-तोडणारे हलते भाग लागत, आणि वेगवान इंजिनात ते लवकर झिजत.

७/१७
त्यावरचा उपाय बॉश यांच्या कार्यशाळेतील अभियंता गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये शोधला. त्यांच्या मॅग्नेटोचा उच्च दाब थेट प्लगच्या फटीतून ठिणगी उडवी. सिलिंडरमधील हलते भाग गेले. उरला तो आट्यांनी घट्ट बसवलेला एक स्थिर प्लग. जर्मन भाषेत त्याला जे नाव मिळाले त्याचा शब्दशः अर्थ ‘पेटवणारी मेणबत्ती’ असा होतो. तापणारी, झिजणारी आणि ठरावीक काळाने बदलावी लागणारी ही मेणबत्ती घरोघरच्या मोटारीत पोहोचणार होती.

८/१७
तो व्यापार जगभर नेणाऱ्यांत एक सायकलपटू होता. अल्बेर शांपियाँ यांनी १८९९ ची पॅरिस-रुबे शर्यत जिंकली, मग अमेरिका गाठली. १९०५ मध्ये त्यांनी बोस्टनमध्ये आपल्या नावाची कंपनी काढली. भागीदारांशी फारकत झाल्यावर १९०८ मध्ये ते जनरल मोटर्सच्या विल्यम ड्युरंट यांच्या साहाय्याने फ्लिंटला नव्याने उभे राहिले. ‘चॅम्पियन’ हे नाव जुन्या भागीदारांकडे राहिले. नव्या कंपनीने १९२२ मध्ये त्यांची आद्याक्षरे घेतली आणि ‘एसी’ हा ब्रँड झाला. एकाच माणसाचे नाव दोन प्रतिस्पर्धी प्लगांवर झळकत राहिले.

९/१७
प्लगचे खरे दुखणे मात्र त्याच्या विद्युतरोधकात होते. चिनीमाती उष्णतेने तडके. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या इंजिनांपुढे ती तोकडी पडली आणि अभ्रकाचे थर दिलेले प्लग पुढे आले. शर्यतपटू केनेल्म ली गिनेस यांच्या ‘केएलजी’ प्लगांची ख्याती त्यावरच उभी राहिली. उत्तम अभ्रकाचा एक मोठा स्रोत होता कोडरमा, म्हणजे तेव्हाचा बिहार आणि आजचा झारखंड. युरोपच्या आकाशातील ठिणगीमागे भारतीय खाणकामगारांचे कष्ट होते. प्लगच्या इतिहासात त्यांचा उल्लेख क्वचितच येतो.

१०/१७
शिसेयुक्त पेट्रोल आले तेव्हा अभ्रकाचाही टिकाव लागेना. त्याची जागा भाजून घट्ट केलेल्या ॲल्युमिनाने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडने घेतली. अमेरिकेत ‘एसी’ कंपनीमध्ये हेलन ब्लेअर बार्लेट या खनिजशास्त्रज्ञ महिलेने या सिरॅमिकवर महत्त्वाचे काम केले. जपानमध्ये तर चिनीमातीच्या उद्योगातूनच १९३६ मध्ये नागोया येथे ‘एनजीके’ ही प्लगची कंपनी जन्मली. प्लग आता टिकाऊ झाला. प्रश्न उरला तो बसवण्याचा.

११/१७
फोर्डची ‘मॉडेल टी’ १९०८ मध्ये आली. तिच्या प्लगचे आटे अर्ध्या इंचाच्या पाइपचे होते, नळजोडणीत वापरतात तसेच निमुळते. फिरवत गेले की ते आपोआप घट्ट बसत. हेड बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असल्याने चार दाब जास्त पडले तरी सहसा बिघडत नसे. अशा इंजिनावर शेतकरीसुद्धा हाताच्या अंदाजाने प्लग बदलू शके. अंदाज चुकला तरी बीड तो पोटात घाली. पुढच्या काळात मोटारीने ही सवलत काढून घेतली.

१२/१७
नळजोडणीचा उल्लेख वाया जाणारा नाही, कारण टॉर्क रेंचची जन्मकथा थेट पाण्याच्या नळांशी जोडलेली आहे. १९१८ मध्ये न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यात काम करणाऱ्या कॉनरॅड बाहर यांना या साधनाचे श्रेय सहसा दिले जाते. रस्त्याखालच्या मोठ्या नळांचे बोल्ट कामगार गरजेपेक्षा जास्त आवळत आणि ते तुटत. जमिनीखाली तुटलेला बोल्ट म्हणजे पुन्हा खोदकाम. ताकद किती लागते आहे हे दाखवणारा पाना हवा होता.

१३/१७
मोटार कारखान्यांना त्याची गरज वेगळ्या कारणाने भासली. १९१३ पासून फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात फिरत्या पट्ट्यावर जोडणी सुरू झाली. आता एक इंजिन एकच कारागीर जोडत नव्हता. शेकडो अनोळखी हात एकेक बोल्ट आवळत होते आणि प्रत्येक हाताचा अंदाज निराळा होता. १९२० च्या दशकात क्रायस्लरने या पान्यात रस घेतला. त्यांच्याशी संबंधित पॉल स्टर्टेव्हंट यांनी १९३८ मध्ये आपल्या टॉर्क रेंचचे पेटंट मिळवले. जॉर्ज फेफरले आणि बाहर यांनीही त्याच दशकात ठरावीक पिळाला इशारा देणारा पाना पुढे आणला.

१४/१७
तत्त्व साधे आहे. पहिल्या प्रकारात एक लांब पोलादी दांडी किंचित वाकते आणि न वाकणारा काटा मोजपट्टीवर आकडा दाखवतो. दुसऱ्या प्रकारात आत स्प्रिंग असते; ठरवलेला पीळ गाठताच ‘टक्’ असा आवाज येतो आणि हाताला हलका झटका बसतो. पण या आवाजाला सामाजिक अर्थही होता. फ्रेडरिक टेलर यांनी १९११ च्या ग्रंथात मांडलेला आग्रह, कारागिराचे ज्ञान मोजून ते व्यवस्थापनाच्या हाती द्यावे हा, या पान्यात साकार झाला. कुठे थांबायचे हे ठरवण्याचा अधिकार मनगटाकडून तक्त्याकडे गेला.

१५/१७
भारतातही हे दोन काळ शेजारी-शेजारी नांदले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला क्रायस्लरच्याच परवान्याने गाड्या जोडल्या. नंतर फियाट आली. १९५१ मध्ये बंगळूरला स्थापन झालेल्या ‘मायको’चे प्लग गॅरेजांत रुळले. ॲम्बेसेडरचे हेड बिडाचे, तर फियाट-पद्मिनीचे ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियम हलके असते, उष्णता लवकर वाहून नेते. पण पोलादी प्लगपुढे त्याचे आटे मऊ. पद्मिनीचा प्लग गरम इंजिनात काढू नये आणि नवा आधी बोटांनीच बसवावा, या शिस्तीचे कारण हेच.

१६/१७
पण आकडाही संपूर्ण सत्य सांगत नाही. आवळताना लागणाऱ्या पिळापैकी बहुतांश भाग आट्यांच्या आणि बैठकीच्या घर्षणात जातो. प्रत्यक्ष घट्टपणाच्या वाट्याला जेमतेम दहावा हिस्सा येतो. १४ मिमीच्या, वॉशर असलेल्या प्लगसाठी ॲल्युमिनियम हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर सांगितले जातात, ते कोरड्या आट्यांसाठी. आट्यांना तेल लागले की घर्षण घटते आणि त्याच आकड्यावर प्लग धोकादायक इतका आवळला जातो. म्हणून खोक्यावर दुसरी सूचनाही छापतात: नवा प्लग बोटांनी टेकेपर्यंत फिरवा, मग पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. शंकूच्या आकाराच्या बैठकीचा प्लग असेल, तर अवघा एक सोळांश फेरा.

१७/१७
ही सूचना नीट वाचली तर जुना मिस्त्री तिच्यात ओळखू येतो. वॉशर दबताना हाताला जाणवणारा बदल तो हेरत असे. कारखान्याने तोच अनुभव फेऱ्याच्या मापात लिहून काढला. आकड्याने हाताचा अधिकार घेतला हे खरे, पण त्याच आकड्यामुळे हे ज्ञान उस्तादाच्या मर्जीवाचून नवशिक्यापर्यंत पोहोचले, हेही तितकेच खरे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाल्या. त्या गाड्यांचे प्लग वर्षानुवर्षे बदलणाऱ्या मिस्त्रींपैकी बहुतेकांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. यंत्रांचा इतिहास लिहिताना पेटंटांबरोबर त्या हातांचीही नोंद व्हायला हवी.