आटपाट नगर कुणाचं? साहेबाच्या पुस्तकातल्या आपल्या कहाण्या

आजचा भाग आहे एका इंग्रजी पुस्तकावर. साल १९१४, प्रकाशक लंडनची मॅकमिलन कंपनी, लेखक चार्ल्स ऑगस्टस किंकेड. हा माणूस आयसीएस अधिकारी, म्हणजे मुंबई इलाख्यात नोकरी करणारा गोरा साहेब. पुस्तकाचं नाव 'डेक्कन नर्सरी टेल्स', म्हणजे दख्खनच्या बाळगोष्टी म्हणा ना.

तुम्ही म्हणाल, लंडनला छापलेल्या बाळगोष्टींचं आम्हाला काय? तर पुस्तक उघडा. पहिल्याच गोष्टीत एक गाव भेटतं. गावाचं नाव 'अटपट'. पुढच्या गोष्टीत परत तेच गाव. त्याच्या पुढच्या गोष्टीत परत तेच. आता आलं लक्षात? हे आपलं आटपाट नगर!

आटपाट म्हणजे ऐसपैस, मोठं. कहाणीतलं नगर कुठलंही असू शकतं, म्हणून त्याला नाव नसतं, नुसतं वर्णन असतं. साहेबानं त्या वर्णनाचंच गाव करून टाकलं. नकाशावर पुणे आहे, सातारा आहे, तसं एक अटपट. वाचताना हसू येतं. पण पुस्तक हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

कारण या 'बाळगोष्टी' म्हणजे आपल्याकडच्या श्रावणातल्या आणि व्रतांच्या कहाण्या आहेत. रविवारची, सोमवारची, शुक्रवारची, शनिवारची. नागोबाची आहे, दिव्याच्या अवसेची आहे, महालक्ष्मीची आहे. ज्या घरात आजी अजून श्रावणात कहाणीचं पुस्तक काढून बसते, तिथल्या पोरांना यातल्या निम्म्या तरी तोंडपाठ असतील. बाकीच्यांनी नुसतं 'आटपाट नगर' तेवढं ऐकलेलं असतं, मीम्समध्ये.

किंकेडनं काय ठेवलं, काय गाळलं

प्रस्तावना छोटी आहे, पण साहेब त्यात बऱ्याच गोष्टी मोकळेपणानं सांगतो. या गोष्टी आधी टाइम्स ऑफ इंडियात आल्या होत्या. भाषांतर मूळ मराठीवरून, शक्य तितकं शब्दशः केलंय. पण मराठी आणि इंग्रजी लोकांची अभिरुची वेगळी, म्हणून काही ठिकाणी अर्थ थोडा बदललाय. मूळ मजकूर नीट उलगडत नव्हता तिथे जरा वाढवलाय. आणि पूजाविधींची वर्णनं आखूड केलीत, कारण इंग्रज वाचक कंटाळेल.

इथं जरा थांबूया. कहाणी आपल्याकडे सांगतात कधी? व्रत केलं, पूजा झाली, की हातात अक्षता घेऊन ऐकायची. कहाणी हा त्या व्रताचाच भाग. वसा कसा घ्यावा, कधी घ्यावा, उद्यापन कसं करावं, हे सगळं कहाणीतच सांगितलेलं असतं. म्हणजे ती एका अर्थानं रेसिपीसुद्धा असते. किंकेडनं त्यातली रेसिपी आखूड केली आणि गोष्ट पुढे आणली. देवघरातली वस्तू उचलून पाळण्यापाशी नेऊन ठेवली. 'नर्सरी टेल्स' हे नावच ते सांगतं.

मोठ्या बाया एकमेकींना सांगायच्या त्या गोष्टी होत्या. त्यात नावडती राणी होती, दारिद्र्य होतं, माहेरी झालेला अपमान होता, मूल होत नाही म्हणून घेतलेले टोमणे होते. इंग्रजीत गेल्यावर त्या लहान मुलांच्या परीकथा झाल्या. शब्द बहुतेक तेच राहिले, ऐकणारं माणूस बदललं.

आता साहेबाची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. पुस्तक त्यानं अर्पण केलंय आपल्या छोट्या मुलाला, डेनिसला. डेनिसला या गोष्टी आवडल्या म्हणूनच त्या छापाव्याशा वाटल्या, असं तो म्हणतो. हा डेनिस मोठा होऊन स्वतः आयसीएस झाला आणि १९३७ मध्ये त्यानं शिवाजी महाराजांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, 'द ग्रँड रेबेल'. त्याच वर्षी तो बुडून मेला. वय जेमतेम बत्तिशीचं. त्यानं महाराजांवर लिहिलं ते लहानपणच्या कहाण्यांमुळेच, असं काही मी म्हणणार नाही. पण इंग्रजाच्या घरातलं एक पोर आटपाट नगर ऐकत वाढलं, एवढं मात्र खरं.

आता कोल्हापूर

याच पुस्तकात आणखी एक नाव आहे, आणि ते आपल्या गावचं आहे. आतली चित्रं काढलीत एम. व्ही. धुरंधर यांनी. महादेव विश्वनाथ धुरंधर, जन्म कोल्हापूर, १८ मार्च १८६७. शाळा कोल्हापूरचंच राजाराम हायस्कूल. १८९० मध्ये ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले, तिथेच पुढे शिक्षक झाले आणि शेवटी संस्थेच्या संचालकपदापर्यंत पोचले. त्या काळात हिंदी माणसानं त्या खुर्चीवर बसणं ही लहान गोष्ट नव्हती. आत्मचरित्राचं नाव त्यांनी ठेवलं 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे'.

आपण कोल्हापूरला कलापूर म्हणतो, आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटरांची नावं घेतो. धुरंधर मात्र मुंबईचे म्हणून सोडून देतो. त्यांचा हात आठवून बघा. नेसण्याची तऱ्हा, नाकातली नथ, पदर घेण्याची पद्धत, बाजारात बसलेली बाई आणि देवळात उभी असलेली बाई यांच्या अंगातला फरक, हे सगळं त्यांना बघून माहीत होतं. साहेबानं पूजाविधी आखूड केले, पण चित्रं काढणारा माणूस ज्या घरात वाढला तिथे हे विधी होत होते. शब्दांतून जे गळलं त्यातलं काही चित्रांतून मागच्या दारानं आत आलं, असं मला वाटतं.

आता जे. जे. स्कूलचा विषय निघालाच आहे तर एक जोडून सांगतो. धुरंधर दाखल होण्याआधी पंचवीस वर्षं, १८६५ मध्ये, याच संस्थेत लॉकवुड किपलिंग नावाचा शिल्पकलेचा शिक्षक विलायतेहून आला. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं त्याचीच. त्याच वर्षी ३० डिसेंबरला मुंबईत त्याला मुलगा झाला, रडयार्ड किपलिंग. 'जंगल बुक'वाला. आपला मोगली! 'प्लेन टेल्स फ्रॉम द हिल्स' हा चाळीस गोष्टींचा संग्रह त्याचाच, १८८८ चा. त्याच वर्षी अलाहाबादच्या ए. एच. व्हीलर कंपनीनं त्याचे आणखी सहा छोटे संग्रह काढले, रेल्वे स्टेशनवर विकायला, एक रुपयाला एक. आज तुम्ही प्रवासात कानात इअरफोन घालून आम्हाला ऐकता, तसा तेव्हाचा साहेब डब्यात बसून किपलिंग वाचायचा. १९०७ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

या किपलिंगनं म्हातारपणी आठवणी लिहिल्या. त्यात तो सांगतो की मुंबईत त्याला गोष्टी आणि अंगाईगीतं ऐकवायची ती कॅथलिक आया, किंवा मीता नावाचा गडी. आईबापांच्या समोर जाताना त्याला बजावायला लागायचं, की आता इंग्रजीत बोल. पोरगं स्वप्नं बघायचं ती इथल्या भाषेत. पुढं सगळ्या जगाला गोष्टी सांगणाऱ्या या माणसाच्या पहिल्या गोष्टी आल्या त्या नोकरांच्या तोंडून. मीताचं निदान नाव तरी कळतं. आयेचं तेही नाही, ती नुसती 'आया'.

जिचं नाव छापलं गेलं

पण नाव छापता येत नव्हतं असं नाही. आता जरा मागं जाऊ, १८६५ मध्ये.

मुंबईचा गव्हर्नर होता सर बार्टल फ्रिअर. साताऱ्याचं राज्य १८४८ मध्ये खालसा झालं तेव्हा तिथं रेसिडेंट होता तोच हा. त्याची मुलगी मेरी. १८६५-६६ च्या हिवाळ्यात गव्हर्नरसाहेबांचा दौरा निघाला दक्षिण मराठा मुलखात, म्हणजे आपल्याच पट्ट्यात. मेरी विशीतली. छावणीत शेकडो माणसं, पण तिच्या बरोबरीची बाई कुणी नाही. वाचून झालं, चित्रं काढून झाली, कंटाळा आला. मग तिनं आपल्या आयेला म्हटलं, गोष्ट सांग.

आयेचं नाव ॲना लिबेराटा डिसूझा. तिचे आजोबा कंपनीच्या फौजेत हवालदार. गोष्टी तिला आजीनं सांगितलेल्या. मेरीनं त्या ऐकत ऐकत टिपून घेतल्या, मग नीट लिहून काढल्या आणि काही राहिलं नाही ना, म्हणून ॲनाला परत वाचून दाखवल्या. त्यातून झालं 'ओल्ड डेक्कन डेज'. चोवीस गोष्टी. जादूगाराचा जीव पोपटात, ही त्यातलीच. पावसाच्या ठिबकण्याला कुठला तरी भयंकर प्राणी समजून घाबरलेला वाघ आणि त्याला गाढव समजून घरी बांधणारा कुंभार, हीसुद्धा त्यातलीच. ही गोष्ट तुम्ही कुणाकडून तरी नक्की ऐकली असणार.

पण या पुस्तकातली सगळ्यात भारी गोष्ट वेगळीच आहे. सुरुवातीला एक प्रकरण आहे, सांगणारीची स्वतःची हकीकत. ॲनाचं बालपण, तिची आजी, तिचं लग्न, वैधव्य, नोकरी, हे सगळं तिच्याच मोडक्यातोडक्या पण जिवंत इंग्रजीत. त्यात ती कुरकुरतेसुद्धा: पूर्वी म्हातारी माणसं आवडीनं गोष्टी सांगायची, आता त्यांना पैशापलीकडे काही सुचत नाही! दीडशे वर्षांपूर्वीची तक्रार आहे ही. आजही कुठल्याही गल्लीत ऐकू येईल.

मेरीकडे जे होतं ते पुढं किंकेडकडेही होतं. शिक्षण, छपाई, लंडनचा प्रकाशक. आणि किंकेडला श्रेय देता येत नव्हतं असंही नाही. त्यानं मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत लिहिला, १९१८ ते १९२५. त्यावर साताऱ्याच्या दत्तात्रय बळवंत पारसनीसांचं नाव स्वतःच्या नावाशेजारी आहे. 'डेक्कन नर्सरी टेल्स'वर धुरंधरांचं नाव आहे. म्हणजे कागदपत्रं जमवणारा पुरुष, त्याचं नाव. चित्रं काढणारा पुरुष, त्याचं नाव. आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या कहाण्या तोंडी जपणाऱ्या बायका? त्यांच्यासाठी प्रस्तावनेत शब्द आहे तो एवढाच: 'मूळ मराठी'.

एकट्या साहेबाला दोष देऊन मोकळं होण्यात अर्थ नाही. आपल्या मराठी कहाणीसंग्रहांवर तरी सांगणारणीचं नाव कुठं असतं? प्रकाशकाचं असतं, छापखान्याचं असतं. ज्या बाईच्या तोंडून ती कहाणी पहिल्यांदा कागदावर उतरली ती आपल्याकडेही बिननावाचीच. साहेब आमच्या गोष्टी घेऊन गेला, हे आपण तावातावानं बोलतो. पण आपण त्या कुणाच्या म्हणून ठेवल्या होत्या?

खुलभर दूध

किंकेडच्या पुस्तकात सोमवारची कहाणी आहे. राजाला वाटतं, महादेवाचा गाभारा दुधानं भरावा. दवंडी पिटली जाते, घराघरातलं दूध देवळात येतं. वासरं उपाशी, पोरं उपाशी, आणि गाभारा काही भरत नाही. मग एक म्हातारी घरातल्या सगळ्यांना जेवूखाऊ घालते, वासरांना पाजते, आणि उरलेलं खुलभर दूध घेऊन येते. तेवढ्यानं गाभारा भरतो.

या म्हातारीचंही नाव कहाणीत नाही. राजा मात्र तिला शोधून काढतो. हे कसं झालं ते तिच्याच तोंडून ऐकतो आणि मग तसंच वागतो. तिची विचारपूस झाली म्हणून ती कहाणी पूर्ण होते.

हे काम आपल्याला जमण्यासारखं आहे. दोन्ही पुस्तकं आता कॉपीराइटच्या बाहेर आहेत. इंटरनेटवर फुकट मिळतात, फोनवर वाचता येतात. धुरंधरांची चित्रंही बघा. आणि श्रावणात आजी, आत्या, शेजारच्या काकू कहाणी सांगायला बसल्या की फोन उलटा न ठेवता रेकॉर्डिंग चालू करा. त्यांना विचारून करा. त्या कुठं अडखळतात, कुठं एखादा शब्द आपल्या गावचा घालतात, हे जसंच्या तसं राहू द्या, एडिट करायला जाऊ नका. वसा कसा घ्यायचा तो कंटाळवाणा वाटणारा भाग तर अजिबात कापू नका. किंकेडनं नेमका तोच कापला होता.

फाइल सेव्ह करताना नाव काय द्यायचं, एवढंच लक्षात ठेवा. 'आजी ऑडिओ एक' नको. पूर्ण नाव, गाव, आणि तिनं कहाणी कुणाकडून ऐकली तिचंही नाव, आठवत असेल तर. ॲना डिसूझाचं नाव राहिलं, कारण १८६६ मध्ये विशीतल्या एका मुलीला ते लिहावंसं वाटलं. तुमच्यातले बरेच जण त्याच वयाचे आहेत.

पुढच्या भागात भेटूच. तोपर्यंत, मंडळी, ऐकत राहा आणि ऐकवत राहा.