होडोशेच्या टोळीचं नाटक

2 जुलै 1973 रोजी केपटाऊनच्या ‘द स्पेस’ नाट्यगृहात एक दोनपात्री नाटक लागलं : ‘दी होडोशे स्पान’. नाव आफ्रिकान्स, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या तुरुंगांच्या गोऱ्या पहारेकऱ्यांच्या भाषेतलं. नाटक मात्र मुख्यतः इंग्रजीत. होडोशे ही मढ्यावर घोंघावणारी हिरवी माशी. राजकीय कैद्यांना डांबणाऱ्या रॉबेन बेटावरच्या तुरुंगातल्या एका वॉर्डरला कैद्यांनी हे नाव ठेवलं होतं. ‘स्पान’ म्हणजे त्याच्या हाताखाली राबणारी टोळी. बेटाचं नाव उघड घेण्याची सोय नव्हती. तुरुंगातल्या हालांविषयी लिहिण्या-छापण्याला 1959च्या कायद्याने वेसण घातली होती. ज्याला कळायचं त्याला कळत होतं.

नाटकाचं मूळ 1965 सालात. पोर्ट एलिझाबेथच्या न्यू ब्रायटन वस्तीतली ‘सर्पंट प्लेयर्स’ मंडळी सोफोक्लीजचं ‘अँटिगनी’ बसवत होती. तालमी चालू असतानाच पोलिसांनी एका नटाला उचललं आणि त्याची रवानगी बेटावर झाली. पुढे तिथे कैद्यांच्या करमणुकीच्या कार्यक्रमात ‘अँटिगनी’चा आठवेल तेवढा भाग सादर झाला. ही हकिकत नाटककार-दिग्दर्शक अ‍ॅथॉल फुगार्डपर्यंत पोचली. जॉन कानी आणि विन्स्टन न्त्शोना या नटांना घेऊन तो तालमीला बसला तेव्हा हातात संहिता नव्हती. जमिनीवर एक ब्लँकेट अंथरलं, दोघांना त्यावर उभं केलं आणि ते घडी घालत लहान लहान करत नेलं. कोठडी तयार झाली.

पहिला प्रवेश जवळजवळ मूक. दोन कैदी वाळू खणतात, ढकलगाडीत भरतात आणि एकमेकांच्या खड्ड्यात ओततात. वाळू काही संपत नाही. समीक्षकांना इथे काम्यू आणि बेकेट आठवतात, त्यात गैर काही नाही. फुगार्डने 1962 मध्ये जोहान्सबर्गला कृष्णवर्णीय नटांना घेऊन बेकेटचं ‘वेटिंग फॉर गोदो’ बसवलं होतं. पण ही वाळू पॅरिसहून आली नव्हती. निरर्थक कष्टांची शिक्षा बेटावर रोजचीच होती. अ‍ॅब्सर्ड म्हणायचंच तर सरकारी हुकमाने!

वर्णभेदाच्या कायद्याच्या लेखी काळ्या माणसाला ‘नट’ हा धंदाच नव्हता. म्हणून कानी आणि न्त्शोनांची नोंद फुगार्डचे घरगडी अशी होती. लंडन-न्यूयॉर्कला नाटक ‘द आयलंड’ या नावाने गेलं. 1975 साली या नाटकासाठी आणि याच तिघांच्या ‘सिझ्वे बान्झी इज डेड’साठी मिळून उत्कृष्ट अभिनेत्याचं टोनी पारितोषिक या दोघा ‘घरगड्यां’ना विभागून मिळालं.

2000 साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये दोघांनी त्याच भूमिका पुन्हा केल्या. तोवर बेटावरच्या तुरुंगाचं संग्रहालय झालं होतं.