दुसरीच्या मुलाची किंमत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दुसरीच्या वर्गात या आठवड्यात काय शिकवायचं, हा प्रश्न आज साधा वाटतो. बाईंच्या टाचणवहीत ते लिहिलेलंच असतं: जोडाक्षरांचे शब्द, हातच्याची बेरीज, दोनचा पाढा. पण या साध्या यादीला कुणी पैसे जोडले, तर काय होतं? इंग्लंडनं हा प्रयोग तीस-पस्तीस वर्षं करून पाहिला आणि त्याची झळ आपल्या मुंबई इलाख्यालाही लागली.

साल १८६२. शाळांवरचा सरकारी खर्च वाढत चालला होता आणि मुलांना धड वाचता येत नाही, अशी ओरड होती. शिक्षणखातं सांभाळणाऱ्या रॉबर्ट लो या मंत्र्यानं व्यापाऱ्याच्या हिशेबानं तोडगा काढला. माल दाखवा, पैसे घ्या! वर्षभरात दोनशेहून जास्त हजेऱ्या भरलेल्या मुलामागे शाळेला आठ शिलिंग मिळायचे, म्हणजे त्या वेळचे सुमारे चार रुपये. सकाळची आणि दुपारची हजेरी वेगळी धरत. मग वर्षातून एकदा इन्स्पेक्टर यायचा. वाचन, लेखन आणि गणित या तिन्हींपैकी मूल ज्यात नापास होईल, त्यामागे दोन शिलिंग आठ पेन्स कापले जायचे. तिन्हींत नापास झालं, तर आठही शिलिंग गेले.

दुसऱ्या इयत्तेकडून अपेक्षा काय होती? वाचनाच्या पुस्तकातली एक सोपी गोष्ट वाचायची, छापील ओळ पाहून हाताच्या अक्षरात उतरवायची, एक साधी बेरीज किंवा वजाबाकी करायची आणि पाढे यायला हवेत. बस्स. यात गैर काही नाही. आजच्या कुठल्याही शिक्षिकेला ही यादी मान्य होईल.

गडबड यादीत नव्हती, पैशात होती. मास्तरांचा पगार या अनुदानावर अवलंबून, आणि परीक्षेला पुस्तक शाळेतलंच. मग मास्तरांनी काय केलं असेल? वर्षभर तेच पुस्तक घोकून घेतलं. कवी मॅथ्यू अर्नोल्ड पोटासाठी शाळा तपासनीस होता. त्यानं आपल्या सरकारी अहवालांत पुन्हा पुन्हा बजावलं, की वाचता न येणारं मूलही पुस्तक पाठ करून या परीक्षेत पास होऊ शकतं. (सरकारी नोकराचा सरकारी धोरणाला इतका स्पष्ट विरोध त्या काळीही विरळाच.) इतिहास, भूगोल यांना पैसे नाहीत, म्हणून ते विषय अनेक शाळांत मागे पडले. सरकारचं मात्र साधलं. १८६१ साली आठ लाख पौंडांवर गेलेलं अनुदान १८६५ पर्यंत साडेसहा लाखांच्या खाली आलं.

त्या काळातली आणखी एक वस्तू मला फार बोलकी वाटते, ती म्हणजे शाळेची रोजनिशी. मुख्याध्यापकानं तिच्यात नियमित नोंद करायची. आधी रोज आणि पुढे निदान आठवड्यातून एकदा. सक्त ताकीद अशी, की सर्वसाधारण मतं किंवा विचार लिहायचे नाहीत, फक्त घडलेलं लिहायचं. म्हणून या वह्यांत वाचायला मिळतं ते असं: पाऊस फार, हजेरी कमी, मुलं बटाटे काढायला गेली, गोवराची साथ. दुसरीचं मूल मागे का पडलं, याची खरी कारणं तिथं आठवड्याच्या आठवड्याला लिहिलेली आहेत. पैसे कापताना ती फारशी कुणी विचारात घेतली नाहीत.

निकाल पाहून पैसे देण्याची ही रीत १८६० च्या दशकातच मुंबई इलाख्यात खासगी शाळांच्या अनुदानासाठी आली. १८८२ साली हंटर आयोगापुढं महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं, त्यात तपासणीबद्दलचं त्यांचं म्हणणं आजही वाचण्यासारखं आहे. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येतो, त्याचा काही उपयोग नाही. दर तीन महिन्यांनी तरी तपासणी हवी, आणि अधूनमधून आगाऊ वर्दी न देता यावं. अभ्यासक्रमही त्यांनी सांगितला: मोडी आणि बाळबोध, हिशेब, शेतीचं प्राथमिक ज्ञान, आरोग्य. कुणब्याच्या पोराला काय लागेल, याचा विचार त्या यादीमागे होता. हंटर आयोगानं मात्र देशी शाळांना मदत देताना मुख्यतः परीक्षेचा निकाल पाहावा, अशीच शिफारस केली. खुद्द इंग्लंडमध्ये १८९० पासून ही पद्धत मोडीत निघू लागली आणि १८९७ पर्यंत संपली. आपल्याकडे ती कर्झनच्या काळात मागे पडली.

यादी मात्र गेली नाही, आणि जायचं कारणही नव्हतं. आपल्याकडे १९९१ साली किमान अध्ययन पातळ्या ठरल्या. २०२१ साली केंद्राच्या ‘निपुण भारत’ मोहिमेनं दुसरीच्या मुलानं मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचावेत आणि ९९९ पर्यंतचे अंक लिहावेत, असं लक्ष्य ठेवलं. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकारानं २००५ पासून ‘असर’ पाहणी होते, तिची वरची पट्टीही दुसरीच्याच उताऱ्याची. २०१८ साली ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या जेमतेम निम्म्या मुलांना तो उतारा वाचता आला होता. स्वयंसेवक घरी येतो, मुलाशेजारी बसतो आणि शाळेच्या पुस्तकातला नसलेला सोपा परिच्छेद पुढं ठेवतो. जमला, तर दुसरीचा उतारा; अडखळलं, तर शब्द, मग अक्षर. मूल कुठं अडलं, तेवढं लिहून घेतो. त्यापायी त्याच्या बाईंचा पगार कापला जात नाही.