शेवटचा प्रेषित, शेवटचा वली आणि रोहिणखेडची लढाई

इ.स. १५७२. गुजरात जिंकायला निघालेला अकबर पाटणला पोहोचला. (हे सरस्वतीकाठचे अणहिलवाड पाटण. आपले कोयनाकाठचे पाटण पुढे येईल.) या नगरात मुहम्मद ताहिर हा हदीसचा नामांकित अभ्यासक उघड्या डोक्याने वावरत असे. महदवी पंथाचा बीमोड होईपर्यंत पागोटे बांधायचे नाही, ही त्याची प्रतिज्ञा होती. परंपरा सांगते की अकबराने स्वतःच्या हातांनी त्याला पागोटे बांधले आणि धर्मरक्षणाचा भार आपल्या शिरावर घेतला.

एका विद्वानाला इतका संताप यावा, असे या पंथाने केले तरी काय होते?

कुराणाच्या ३३ व्या सूरेतील ४० वी आयत मुहम्मदांना 'खातम-उन-नबीयीन', म्हणजे प्रेषितांची मोहोर, म्हणते. मोहोर उमटली की खलिता बंद. त्यात नवे काही घालता येत नाही. पैगंबरांच्या हयातीतच मुसैलमाने प्रेषितत्वावर हक्क सांगितला होता. त्यांच्या निधनानंतर अबू बक्रांच्या सैन्याने यमामाच्या लढाईत त्याला ठार केले. 'मी नबी आहे' असे म्हणणाऱ्याला पुढे इस्लाममध्ये जागा उरली नाही. मात्र अखेरच्या काळात 'महदी', म्हणजे सन्मार्गावर असलेला पुरुष, येईल ही श्रद्धा टिकून होती. ते दार उघडेच होते.

१४४३ साली जौनपूरला जन्मलेल्या सय्यद मुहम्मदांनी त्याच दारातून प्रवेश केला. दख्खनमध्ये अहमदनगर, दौलताबाद, बीदर असा प्रवास करून ते हजला निघाले ते दाभोळ बंदरातून. कोयनाकाठच्या पाटणहून कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण लागते आणि तेथून वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ. हिजरी ९०१ मध्ये (इ.स. १४९५-९६) मक्केत त्यांनी आपण महदी असल्याचे जाहीर केले. पुढे अहमदाबादेत आणि अखेर गुजरातच्या पाटणजवळ बडली येथे त्याचा पुनरुच्चार केला. १५०५ साली अफगाणिस्तानातील फराह येथे ते वारले.

त्यांनी स्वतःला नबी कधीच म्हटले नाही. महदवींच्या मते नबुव्वत मुहम्मदांपाशी संपली. सय्यद मुहम्मद हे 'खातम-ए-विलायत', संतत्वाची मोहोर. वादाचे मूळ नेमके येथे आहे. दोन्ही मोहोरा समान मानल्या, तर पहिलीचे अंतिमत्व उरते कोठे, असे विरोधक विचारत. बुऱ्हाणपूरला जन्मलेल्या शेख अली मुत्तकींनी मक्केत बसून या पंथाविरुद्ध ग्रंथ लिहिला, चारही सुन्नी मझहबांच्या मुफ्तींचे फतवे मिळवले. मुहम्मद ताहिर त्यांचाच शिष्य. १५७८ साली अकबराकडे गाऱ्हाणे घेऊन जाताना महदवींनी त्याला ठार केले.

तरीही केवळ धर्मशास्त्रापायी एवढे रक्त सांडले, हे पटत नाही. महदवी 'दायऱ्यात' राहत, मिळालेले समान वाटून घेत आणि बरेचदा सशस्त्र असत. सुलतानांना धाक या दायऱ्यांचा होता.

अहमदनगरात तो धाक खरा ठरला. १५८९ साली मीरान हुसैनच्या खुनानंतर दख्खनी आणि हबशी सरदारांच्या बळावर महदवी जमालखानाने सत्ता बळकावली, अल्पवयीन इस्माईलला गादीवर बसवले आणि शिया पंथाऐवजी महदवी मताला राजाश्रय दिला. परदेशी मुसलमानांची कत्तल झाली. गंमत अशी, की या इस्माईलचा बाप बुऱ्हाण जिवंत होता आणि अकबराच्या आश्रयाला होता. तोच आता मुलाच्या राज्यावर चालून आला. खानदेशचा राजा अलीखान त्याच्या मदतीला होता, विजापूरही त्याच्याच बाजूने. जमालखानाने धाराशिवजवळ विजापूरच्या फौजेला हरवले आणि तो वऱ्हाडाकडे वळला.

१५९१ साली रोहिणखेडला गाठ पडली. बंदुकीची गोळी लागून जमालखान कोसळला आणि फौज उधळली. बापाने मुलाला कैद केले, शिया खुत्बा पुन्हा सुरू केला आणि महदवींची कत्तल आरंभली. दोन वर्षांपूर्वी परदेश्यांच्या वाट्याला जे आले होते, तेच आता महदवींच्या.

रोहिणखेड आज बुलढाणा जिल्ह्यात, मोताळा तालुक्यात आहे. गावात एक जुनी दगडी मशीद आहे. ती लढाईच्या नऊ वर्षे आधी, १५८२ साली, बांधली गेली. बांधणाऱ्याचे नाव खुदावंदखान महदवी.