मायना काय लिहावा?



आमच्या मलकापूरची नळगंगा पूर्णेला मिळते आणि पूर्णा पुढे चांगदेव गावापाशी तापीला. त्या संगमावर चांगदेवांचे जुने दगडी देऊळ आहे. जवळच, मुक्ताईनगर (पूर्वीचे एदलाबाद) तालुक्यात कोथळी आणि मेहूण येथे मुक्ताबाईंची देवळे आहेत. परंपरा सांगते की मुक्ताबाई अठराव्या वर्षी गेल्या आणि चांगदेव चौदाशे वर्षे जगले. यात गुरू कोण आणि शिष्य कोण? गुरू मुक्ताबाई!

कथा सर्वांना ठाऊक आहे. ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून चांगदेव पत्र लिहायला बसले आणि मायन्यालाच अडले. वयाने पाहावे तर समोरची मुले ‘चिरंजीव’, ज्ञानाने पाहावे तर ‘तीर्थरूप’. शेवटी त्यांनी कोराच कागद धाडला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाल्या, एवढी वर्षे जगूनही हा कोराच राहिला!

शाळेत पत्रलेखन शिकवताना मी ही गोष्ट हमखास सांगत असे. वडीलधाऱ्यांना ‘तीर्थरूप’, धाकट्यांना ‘चिरंजीव’ हे मुलांना लवकर पाठ होई. पण मायना लिहायचा म्हणजे आधी समोरच्याचे वय ठरवायचे आणि वयावरून त्याची पायरी! चांगदेवांना ती पायरी ठरवता आली नाही. सगळे त्या कोऱ्या कागदाला हसतात. मला मात्र तो प्रामाणिक वाटतो. चौदाशे वर्षांचा योगी बेधडक ‘चिरंजीव’ लिहून मोकळा झाला असता, तर त्याला कोण अडवणार होते?

आता सनावळी पाहू. रूढ परंपरेनुसार निवृत्तिनाथांचा जन्म १२७३ चा, ज्ञानदेवांचा १२७५, सोपानदेवांचा १२७७ आणि मुक्ताबाईंचा १२७९. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली पूर्ण झाली. तेव्हा ज्ञानदेव पंधरा वर्षांचे आणि मुक्ताबाई अकरांच्या. १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली, १२९७ मध्ये मुक्ताबाई आमच्या या मुलखात गुप्त झाल्या. दुसऱ्या एका परंपरेने ज्ञानदेवांचा जन्म शके ११९३ चा धरतात. तसे धरले तरी समाधीच्या वेळी ते पंचविशीचेच! चांगदेवांच्या चौदाशे वर्षांबद्दल अभ्यासकांचा एक तर्क असा की या नावाचे एकाहून अधिक सिद्धपुरुष होऊन गेले असावेत. ते काही असले तरी कथेला हवे आहे ते दोघांमधले अंतर.

खरी गंमत ज्ञानदेवांच्या उत्तरात आहे. निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून त्यांनी पासष्ट ओव्या लिहिल्या, तीच ‘चांगदेव पासष्टी’. त्यात ना तीर्थरूप, ना चिरंजीव. आरंभी वंदन आहे ते चांगदेवांच्या दैवताला, वटेश्वराला. पुढे ते चांगदेवांना वटेश्वराचा पुत्र म्हणतात आणि सरळ ‘तू’ म्हणून बोलतात. चौदाशे वर्षांच्या वृद्धाला ‘तू’! पण तो ‘तू’ उर्मटपणाचा नाही. आपण देवाला आणि आईला ज्या जवळिकीने ‘तू’ म्हणतो, तो हा. सांगणे थोडक्यात असे की तुझ्यात आणि माझ्यात जे आहे ते एकच, मग थोरला कोण आणि धाकटा कोण?

वारकऱ्यांनी हे किती सहज पचवले! एकविसाव्या वर्षी गेलेल्या मुलाला ऐंशी वर्षांचे आजोबा ‘माउली’ म्हणतात. आषाढीला मुक्ताईची पालखी कोथळीहून निघून आमच्या बुलढाणा जिल्ह्यातून पंढरपूरला जाते. तिच्यापुढे पिकल्या केसांचे म्हातारे त्या लहानग्या मुलीला ‘आदिशक्ती’ म्हणून दंडवत घालतात.

आणि एरवी आपण काय करतो? घरात मूल काही बोलले की “तुला काय कळतं, गप्प बैस”, आणि म्हातारे बोलले की “बाबा, आता तुम्हाला नाही समजायचं”. दोन्ही वेळा आपण माणसाकडे न बघता त्याच्या वयाकडेच बघतो. मी सत्तरी ओलांडलेली असल्याने दुसरे वाक्य बरेचदा ऐकतो, पण पहिलेही घराघरांत ऐकू येतेच.

असो. पुढच्या वेळी कुणाला वयावरून ‘चिरंजीव’ ठरवण्याआधी घटकाभर कागद कोरा ठेवून पाहावा, एवढेच सुचवतो. चांगदेवांना तो कोरेपणाच मुक्ताबाईंच्या दारापर्यंत घेऊन गेला.